परसबागेतील ब्लूबेरी : आधी सामू, मग रोप

दिवाळी उलटल्यावर एक बागायतदार प्लॅस्टिकच्या पिशवीत चार-पाच फांद्या घेऊन आमच्याकडे आले. कोवळी पाने पिवळी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या. जुन्या पानांच्या कडा करपलेल्या. उसावर केवडा पडतो तसे चित्र. "ब्लूबेरी आहे. जुलैत चाळीस रोपे लावली. आता कोणती फवारणी घेऊ?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

रान कसले, असे विचारले. "मध्यम काळे. ऊस चांगला येतो." खत? "खड्ड्यात दोन-दोन पाट्या शेणखत, वर मूठभर सुपर फॉस्फेट." पाणी? "विहिरीचे, ठिबकने." यातील एकही काम त्यांनी हयगयीने केले नव्हते. डाळिंब किंवा पेरू असता तर याच मेहनतीवर बाग डोलली असती. ब्लूबेरीच्या बाबतीत मात्र जमीन, खत आणि पाणी या तिन्ही गोष्टी उलट्या पडल्या. झाडांना रोग नव्हता, कीड नव्हती. त्यांना न मानवणाऱ्या मातीत ती बसली होती. पुढील जूनमध्ये एकरभर लागवड करण्याचा त्यांचा विचार होता आणि रोपांसाठी पैशांची जुळवाजुळवही सुरू होती.

अलीकडे असे प्रश्न वारंवार येऊ लागले आहेत. शहरांतील दुकानांत हे निळे फळ छोट्या डब्यांतून महाग दराने विकले जाते. ते पाहून रोपांच्या जाहिराती होतात आणि 'आपल्याकडे का नको?' असे शेतकऱ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. ज्यांना ब्लूबेरी लावून पाहायची आहे त्यांनी प्रथम परसबागेत दोन ते चार झाडे, तीही पिशवीत किंवा कुंडीत, दोन वर्षे सांभाळावीत. त्यासाठी लागणारी माहिती या लेखात दिली आहे. दोन झाडे दोन वर्षे हिरवी ठेवता आली, तरच एकराचा हिशोब कागदावर मांडावा.

मूळ ठिकाण

ब्लूबेरी मूळची उत्तर अमेरिकेतील. हिमालयात लाल फुलांनी बहरणारा बुरांस ज्या कुळातील आहे, त्याच कुळातील हे झुडूप. या प्रजातीचा एक रानटी भाईबंद आपल्या देशात निलगिरीच्या उंच डोंगरांवरही सापडतो. ही झाडे जेथे आपणहून वाढतात तेथील माती पाहिली तर त्यांचा स्वभाव कळतो. वाळूमिश्रित, पालापाचोळा अर्धवट कुजून झालेली, भुसभुशीत, ओलसर आणि चांगलीच आंबट अशी ती माती असते. आपल्या भाषेत 'हलके रान'. ज्याला कोणी शेतकरी हौसेने हात लावणार नाही असे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतही हे रानातून गोळा करण्याचेच फळ होते. बागेत आणून लावले की झाड खंगे, म्हणून ते माणसाळत नाही अशी समजूत होती. तेथील कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोविल यांनी १९०६ मध्ये यावर प्रयोग सुरू केले आणि १९१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बागेतील कसदार मातीत, भरपूर शेणखत दिलेल्या मातीत आणि चुना घातलेल्या मातीत हे झाड नीट वाढत नाही. त्याला आम्लधर्मी माती लागते, असे त्यांनी दाखवून दिले. चांगली माती म्हणजे काय, याचे शेतकऱ्याच्या मनातील गणितच या झाडापुरते उलटे झाले.

न्यू जर्सी राज्यातील व्हाइट्सबॉग येथील एलिझाबेथ व्हाइट यांनी हे निष्कर्ष वाचले. त्यांच्या वडिलांचा क्रॅनबेरीचा मळा होता; जमीन तशीच आंबट. १९११ मध्ये त्यांनी कोविल यांना पत्र लिहून आपली जमीन प्रयोगांसाठी देऊ केली. आसपासच्या रानात फिरणाऱ्या लोकांना त्यांनी सुमारे १६ मि.मी. व्यासाचे भोक असलेली पट्टी दिली. ज्या झुडपाची फळे या भोकातून पडणार नाहीत इतकी मोठी, ते झुडूप दाखवणाऱ्याला पैसे मिळत आणि झुडपाला त्याचेच नाव मिळे. 'रुबेल' ही जुनी जात अशाच एका रानफिऱ्याच्या नावाने ओळखली जाते. या मळ्यातून १९१६ मध्ये पहिले फळ बाजारात गेले. म्हणजे लागवडीचे पीक म्हणून ब्लूबेरीचे वय जेमतेम शंभराच्या पुढे आहे. द्राक्ष किंवा अंजिराशी तुलना केली तर हे कालचे पोर.

हवामान आणि जाती

अमेरिकेच्या उत्तर भागातील जातींना फुले येण्यासाठी हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाचे सुमारे ८०० ते १,००० तास लागतात. आपल्याकडे पुणे, नाशिक किंवा महाबळेश्वरलाही एवढी थंडी मिळत नाही. त्यामुळे 'ब्लूक्रॉप'सारख्या प्रसिद्ध उत्तरी जातीचे रोप कोणी देऊ केले तर घेऊ नये. पाने येतील, फळे येणार नाहीत.

फ्लोरिडा राज्यातील विद्यापीठात विसाव्या शतकाच्या मध्यापासून एका वेगळ्या दिशेने काम झाले. तेथील उष्ण भागात वाढणाऱ्या सदाहरित रानटी जातीशी संकर करून कमी थंडीत फळणाऱ्या जाती तयार करण्यात आल्या. त्यांना 'सदर्न हायबुश' म्हणतात. 'शार्पब्लू', 'मिस्टी', 'एमराल्ड', 'ज्वेल' ही त्यांतील परिचित नावे. मिसिसिपी राज्यातील संशोधन केंद्रातून १९९८ मध्ये प्रसारित झालेली 'बिलॉक्सी' ही जात थंडी जवळजवळ न मिळणाऱ्या प्रदेशातही फळते. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात (आपल्या पेरूशी याचा संबंध नाही) किनाऱ्यालगतच्या वाळवंटी पट्ट्यात ती मोठ्या प्रमाणावर लावली गेली. २०१० च्या सुमारास तेथे जवळपास नसलेले हे पीक दहा-बारा वर्षांत देशाच्या निर्यातीत अग्रभागी आले. तेथे काळी जमीन नाही. माती म्हणजे वाळू, आणि पाणी व खत आम्लाने सामू उतरवून थेंबाथेंबाने दिले जाते. पेरूचे उदाहरण जाहिरातीत फार दिले जाते, म्हणून ही बाजूही लक्षात ठेवावी.

आपल्याकडे परसबागेसाठी 'बिलॉक्सी' किंवा तिच्याइतकीच कमी थंडी लागणारी जात निवडावी. एकाच जातीची दोन झाडे लावण्यापेक्षा दोन जातींचे एकेक झाड लावले तर परपरागीकरण होऊन फळ मोठे मिळते.

रोप घेताना जातीचे नाव लिहून घ्यावे. नुसते 'ब्लूबेरी' एवढेच सांगणाऱ्या विक्रेत्याकडून रोप घेऊ नये. दुकानातील फळातून बी काढून रोपे करण्याची हौस काहींना असते. बी रुजते, पण रोप आईसारखे निघत नाही आणि फळासाठी बरीच वर्षे थांबावे लागते. परदेशातील मुलाने किंवा भाच्याने येताना बॅगेतून रोप अथवा काड्या आणू नयेत. वनस्पती संगरोध नियमांनुसार परवान्याशिवाय ते करता येत नाही, आणि एखादा नवा रोग देशात यायला एवढीशी काडी पुरते.

तापमान ३२ अंशांच्या वर गेले की झाडाची वाढ मंदावते. मावळ, महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर, नाशिकचा पश्चिम भाग अशा थंड रात्रींच्या ठिकाणी हे झाड सांभाळणे त्यातल्या त्यात सोपे. विदर्भात आणि मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. तेथे हौस म्हणूनही हे प्रकरण जड जाईल, असे आमचे मत आहे.

जमिनीचा हिशोब

ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामू लागतो. आपल्या काळ्या जमिनीचा सामू साधारण ७.५ ते ८.५ असतो. आकड्यांत फरक तीनचा दिसतो, पण सामूच्या मोजपट्टीवर एक आकडा म्हणजे दहापट. ५ सामूच्या मातीत आम्लता ८ सामूच्या मातीच्या हजारपट असते.

सामू जास्त असला म्हणजे जमिनीत लोह नसते असे नाही. लोह भरपूर असते, पण ते मुळांना उचलता येईल अशा रूपात राहत नाही. ज्वारी, हरभरा, ऊस या पिकांची मुळे त्यातूनही आपली गरज कमीअधिक भागवतात. ब्लूबेरीच्या मुळांना ते जमत नाही. या झाडाची मुळे केसासारखी बारीक असून त्यांवर इतर पिकांसारखे मूलरोम नसतात. त्यांचे काम बरेचसे मुळांत राहणारी एक बुरशी करते आणि तिलाही आंबट, पालापाचोळ्याची मातीच लागते. बहुतेक मुळे वरच्या ३० से.मी. थरातच पसरतात. चिकण काळ्या मातीत ती पावसाळ्यात गुदमरतात आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की तुटतात.

घरच्या घरी एक साधी परीक्षा करावी. बागेतील मूठभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर चमचाभर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे येऊन फसफसले तर मातीत मोकळा चुना आहे. तेथे ब्लूबेरी जमिनीत लावण्याचा विचार त्याच क्षणी सोडावा. फसफसले नाही तरी समाधान मानू नये; माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना देऊन सामू, क्षारता आणि चुन्याचे प्रमाण काढून घ्यावे.

'गंधक टाकून सामू उतरवता येत नाही का?' हा पुढचा प्रश्न हमखास येतो. गंधकाचे मातीतील जिवाणूंमुळे हळूहळू गंधकाम्ल बनते आणि सामू उतरतो, हे खरे आहे. पण आधी हिशोब करावा. एक एकरातील वरच्या १५ से.मी. मातीचे वजन सुमारे ९०० टन भरते. तिच्यात चुना अवघा एक टक्का असला, तरी तो ९ टन झाला. एवढा चुना निकामी करण्यास जवळजवळ ३ टन गंधक लागते. काळ्या जमिनीत पाच टक्के चुना असणे नवलाचे नाही. म्हणजे १५ टन गंधक, आणि तेही फक्त वरच्या वीतभर थरासाठी. सगळा चुना संपेपर्यंत सामू खाली येतच नाही. मधल्या काळात विहिरीचे पाणी नवा चुना आणत राहते ते वेगळेच.

वर उल्लेख केलेल्या बागायतदारांनी हा हिशोब स्वतः कागदावर केला आणि एकराचा बेत मागे घेतला. चाळीसपैकी जी रोपे तग धरून होती ती त्यांनी मुळे धुऊन पिशव्यांत हलवली. त्यांतील काहींनी माघात नवी पालवी धरली.

कोकणातील आणि महाबळेश्वर पट्ट्यातील जांभ्या जमिनी आम्लधर्मी असतात. तेथे सामू पाच-साडेपाच निघाल्यास उंच गादीवाफ्यावर, भरपूर सेंद्रिय आच्छादन देऊन एखादे झाड जमिनीत लावून पाहण्यास हरकत नाही. परंतु तेथील धुवांधार पावसात मुळे कुजण्याची भीती मोठी. वाफा निदान दीड फूट उंच असावा.

ज्यांची जमीन चुनखडीची आहे आणि परसात फळझुडूप हवेच आहे, त्यांनी करवंदाचा विचार करावा. कुंपणही होते, पाणीही मागत नाही आणि लोणच्याला घरचे फळ मिळते. ब्लूबेरीच्या रंगातील ज्या अँथोसायनिन द्रव्यांचे एवढे कौतुक होते, ती पिकल्या करवंदात आणि जांभळातही असतात. अमुक फळाने तमुक आजार बरा होतो असे छापणाऱ्या पत्रकांवर विसंबू नये.

पिशवी आणि माध्यम

परसबागेत सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे जमिनीतील माती अजिबात न वापरता पिशवीत झाड वाढवणे. सुरुवातीला ८ ते १० लिटरची आणि वर्षाने ३० ते ४० लिटरची पिशवी घ्यावी. एकदम मोठ्या पिशवीत छोटे रोप लावल्यास न वापरलेले माध्यम ओले राहून मुळे कुजतात. काळ्या पिशव्या आणि काळ्या कुंड्या उन्हात तापतात व कडेची मुळे भाजतात. बाहेरून पांढरी असलेली पिशवी घ्यावी, नाहीतर गोणपाट गुंडाळावे. तळाला आणि बाजूला भरपूर भोके असावीत. पिशवी विटांवर ठेवावी, म्हणजे निचरा होतो आणि हुमणी खालून चढत नाही.

माध्यमासाठी दोन भाग कोकोपीट, एक भाग पीट मॉस आणि एक भाग परलाईट घ्यावे. परलाईट न मिळाल्यास भाताचा तूस चालेल. तुसाची राख मात्र अजिबात चालणार नाही, कारण राख अल्कधर्मी असते. कोकोपीटमध्ये पुष्कळदा मिठाचे प्रमाण जास्त असते. वीट भिजवून फुगल्यावर ते पोत्यात भरून स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन निथळावे. हे काम कंटाळवाणे आहे म्हणून टाळले जाते आणि महिनाभरात पानांच्या कडा करपतात. पीट मॉसचा सामू मुळातच चारच्या आसपास असल्याने मिश्रण आपोआप आंबट होते. ते महाग पडते, पण दोन-चार पिशव्यांना लागते किती?

लागवड पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात करावी. पिशवीत गुंडाळी झालेली मुळे बोटांनी मोकळी करावीत. रोप रोपवाटिकेत जेवढे खोल होते तेवढेच ठेवावे. वर दोन इंच भुसा, सुरूचा पाला किंवा नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांचे आच्छादन द्यावे.

पाणी

पिशवीतील माध्यम कितीही चांगले असले तरी विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने ते वर्षभरात बिघडते. येथेच बहुतेकांचा घात होतो.

समजा पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट आहे. आपल्याकडील विहिरींना हे काही फार नाही. एका पिशवीला रोज ३ लिटर प्रमाणे पावसाळा सोडून २५० दिवस पाणी दिले, तर ७५० लिटर झाले. त्यातून पिशवीत सुमारे १८० ग्रॅम चुनखडीइतका अल्कधर्मी ऐवज येतो. निचऱ्यातून काही वाहून जातो असे धरले, तरी चुना झाडाच्या बुडाशी दरवर्षी ओंजळीने टाकण्यासारखेच हे आहे.

यावर उत्तम उपाय पावसाच्या पाण्याचा. त्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसते. शंभर चौरस फूट पत्र्यावर ५०० मि.मी. पाऊस पडला तर सुमारे साडेचार हजार लिटर पाणी मिळते. दोन झाडांची पावसाळ्यानंतरची गरज दीड हजार लिटरच्या आत भागते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे आणि नंतरचे झाकणाच्या टाकीत साठवावे. डासांसाठी झाकण व जाळी घट्ट असावी.

साठवण शक्य नसेल तर विहिरीच्या पाण्याचा सामू उतरवून द्यावा. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व यासाठी घरगुती उपाय म्हणून चालते. प्लॅस्टिकच्या बादलीत १० लिटर पाणी घेऊन त्यात अर्धा चहाचा चमचा, म्हणजे सुमारे २ ग्रॅम, लिंबूसत्त्व विरघळवावे आणि सामू कागदाने तपासावे. ५ ते ५.५ सामू येईपर्यंत थोडे थोडे वाढवावे. एकदा प्रमाण ठरले की रोज तपासण्याची गरज नाही. उन्हाळ्यात विहीर खाली गेल्यावर पुन्हा पाहावे. मातीतील जिवाणू लिंबूसत्त्व खाऊन टाकतात, त्यामुळे त्याचा परिणाम टिकाऊ नसतो. म्हणून निदान महिन्यातून एकदा पावसाचे पाणी भरपूर ओतून पिशवी धुऊन काढावी. मोठ्या बागांत यासाठी गंधकाम्ल वापरतात. घरात, मुलेबाळे असताना त्याच्या वाटेला जाऊ नये. बॅटरीतील आम्ल तर कधीही वापरू नये.

पाणी थोडे आणि वारंवार द्यावे. माध्यम पिळलेल्या फडक्यासारखे ओलसर राहावे. या झाडाला कोरड सोसत नाही आणि पाणी तुंबलेलेही सोसत नाही. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ दोन वेळा द्यावे लागते. चार दिवस गावाला गेलो आणि झाड वाळले, ही तक्रार आम्ही ऐकली आहे. जाण्यापूर्वी शेजाऱ्याला सांगून जावे.

खते

शेणखत, गांडूळखत, राख, हाडांचा चुरा व चुना यांपैकी काहीही देऊ नये. शेणखताला नाही म्हणताना आम्हालाही अवघड वाटते, कारण इतर प्रत्येक पिकासाठी आम्ही तेच सांगत आलो आहोत. पण शेणखताचा सामू बहुधा सातच्या वर असतो आणि त्यातील क्षार या नाजूक मुळांना सोसत नाहीत.

ब्लूबेरीला नत्र अमोनियम रूपात हवा असतो; नायट्रेट रूपातील नत्राचा तिला फारसा उपयोग करून घेता येत नाही. म्हणून अमोनियम सल्फेट हे तिचे मुख्य खत. त्यामुळे सामूही खाली राहतो. पहिल्या वर्षी दर पंधरवड्याला २ ग्रॅम आणि नंतर ४ ते ५ ग्रॅम, पाच लिटर पाण्यात विरघळवून ओल्या माध्यमावर द्यावे. कोरड्या पिशवीत खत देऊ नये. कॅल्शियम नायट्रेट देऊ नये. पालाशासाठी सल्फेट ऑफ पोटॅश महिन्याला २ ग्रॅम द्यावे. म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड या झाडाला बाधते. स्फुरदासाठी ठिबकवाल्यांना माहीत असलेले १२:६१:०० महिन्याला एक ग्रॅम पुरते. केवळ पावसाचे पाणी वापरणाऱ्यांनी वर्षातून दोन वेळा चमचाभर जिप्सम आच्छादनाखाली टाकावे. जिप्सममधून कॅल्शियम मिळतो, पण सामू वाढत नाही.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर आधी निचऱ्याच्या पाण्याचा सामू तपासावा. तो सहाच्या वर असेल तर पाणी सुधारावे. चिलेटेड लोहाची फवारणी पाने तात्पुरती हिरवी करते. मूळ कारण तसेच राहते. हिरवा रंग पाहून दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही खूष होतात, आणि पुढच्या पालवीला पुन्हा तेच.

ऊन, पाऊस आणि छाटणी

सकाळचे ऊन भरपूर आणि दुपारनंतर सावली मिळेल अशी, घराच्या पूर्वेची जागा उत्तम. मार्च ते मे ३५ किंवा ५० टक्क्यांची सावलीची जाळी बांधावी. पावसाळ्यात झडीच्या दिवसांत पिशव्या पडवीच्या कडेला सरकवाव्यात. पानांवर तांबेऱ्याचे ठिपके दिसल्यास ती पाने काढून जाळावीत आणि झाडे हवेशीर ठेवावीत.

पहिल्या वर्षी आलेली फुले खुडून टाकावीत. जीवावर येते, पण झाड आधी बांधणे गरजेचे आहे. फळे मागील हंगामातील फुटीच्या टोकाकडे लागतात. तेथील फुगीर डोळे फुलांचे आणि खालचे टोकदार डोळे पानांचे, हे ओळखता आले की छाटणी सोपी होते. फळे संपल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी बारीक, वाळक्या आणि आत वाढलेल्या काड्या काढाव्यात. चार-पाच वर्षांहून जुनी जाड फांदी बुडापासून कापावी, म्हणजे नवी फूट येते.

फुले आणि फळे

फुले लहान, पांढरी, उलट्या घंटेसारखी असतात. त्यांतील पराग पुंकेसराच्या टोकावरील बारीक छिद्रांतून गळतो. भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो त्या कंपनाने तो चांगला सुटतो. मधमाश्याही कामाला येतात. म्हणून फुलोऱ्यात कोणतेही कीटकनाशक फवारू नये, शेजारच्या भाजीवरही नको.

फूल ते फळ यास दोन ते तीन महिने लागतात. फळावर द्राक्षासारखा पांढुरका मेणचट थर असतो; तो पुसू नये. घड एकदम पिकत नाही, त्यामुळे दर तीन-चार दिवसांनी तोडणी करावी लागते. फळ निळे झाले म्हणजे पिकले असे नव्हे. देठाजवळ तांबूस कडे दिसत असेपर्यंत थांबावे. पूर्ण निळे झाल्यावरही तीन-चार दिवस झाडावर राहू द्यावे, कारण तोडल्यानंतर याची गोडी वाढत नाही. अंगठ्याने हलके लोटताच हातात आले तर ते तयार.

तिसऱ्या वर्षापासून पिशवीतील चांगल्या झाडापासून एक ते दोन किलो फळाची अपेक्षा धरावी. बुलबुलांना मात्र आपल्या आधी पत्ता लागतो. फळे रंगू लागताच जाळी टाकावी आणि ती पानांना टेकू नये म्हणून चार काठ्या रोवाव्यात. फळे सकाळी, दव सुकल्यावर तोडावीत आणि न धुता डब्यात एका थरात ठेवावीत. शीतकपाटात ती दहा-बारा दिवस टिकतात. धुवायची ती खाण्यापूर्वी.